दोर कोणाच्या हातात होता?

मे महिना, जळगावात पारा ४४ च्या पुढे. साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन आई आणि आजोबा माझ्याकडे आले होते. पंधरा दिवसांपूर्वी त्याला पोहण्याच्या शिबिरात घातलं होतं. दुसऱ्याच दिवशी शिकवणाऱ्यानं 'भीती मोडायला' त्याला कठड्यावरून उचलून पाण्यात सोडलं. तेव्हापासून डोक्यावरून तांब्या ओतला तरी तो किंचाळतो. आईला प्रश्न पडला होता, आता नाही शिकला तर वय निघून जाईल का? आजोबांची काळजी वेगळी होती. "पोऱ्या भित्रा निंघना का काय?"

मी एका परातीत पाणी घेऊन जमिनीवर ठेवलं. तो आधी आईच्या पदराआड राहिला. मग आला, एक बोट बुडवलं, पूर्ण हात घातला. मी ओठ पाण्याला लावून बुडबुडे काढले. तो हसला, हनुवटीपर्यंत वाकला आणि नाकाला पाणी लागताच मागे सरला. या मुलाला पाणी आवडत होतं. नको होतं ते फक्त तोंडावर अचानक येणारं पाणी.

आजोबा म्हणाले, "आमच्या बापानं कमरेला दोर अन् पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत टाकलं, चार दिवसात शिकलो." मी विचारलं, दोर कोणाच्या हातात होता? "बापाच्याच." आणि त्याआधी? ते थोडा वेळ गप्प राहिले. आदल्या उन्हाळ्यात ते रोज विहिरीच्या पायरीवर पाय सोडून मोठ्या पोरांचं पोहणं बघत बसायचे. म्हणजे त्यांचीही तयारी वर्षभर चाललीच होती की!

वयाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते वर्षाच्या पुढे बऱ्याच मुलांना पाण्याची ओळख शिकवता येते आणि ४ वर्षांपर्यंत बहुतेक मुलं रीतसर शिकण्याजोगी होतात. पण मी वयाआधी दुसरंच बघते. सांगितलेल्या दोन गोष्टी लागोपाठ करतो का? 'थांब' म्हटलं की थांबतो का? अनोळखी माणसाजवळ आईशिवाय अर्धा तास रमतो का? शी-शू सांगतो का? कान वाहत असेल, फिट येत असेल किंवा दमा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

या मुलाचं शिबिर मी थांबवायला लावलं. पैसे गेले, जाऊ देत. घरी तांब्या त्याच्याच हातात द्यायचा. आधी खांद्यावर, मग मानेवर, डोक्यावर कधी घ्यायचं ते तो ठरवेल. रोज बादलीत बुडबुडे. मात्र बादलीपाशी मोठं माणूस हवंच, लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं. पोहायला आलं म्हणजे आपण निर्धास्त, हेही मी कोणाला म्हणू देत नाही. हवेचे दंडपट्टे बांधले तरी हात पोचेल इतक्या अंतरावर आपण असायलाच हवं.

नवा शिकवणारा निवडताना दोनच अटी घातल्या. आईला कठड्याशी बसू देणारा असावा, आणि आधी उताणं तरंगणं व भिंत धरणं शिकवणारा.

पुढच्या एप्रिलमध्ये आजोबांचा फोन आला. "आज त्यानं आपणहून पायरी सोडली. मी हात पुढंच धरलेला होता."