नृत्याकडून ऑपेराच्या दिग्दर्शनाकडे : ऐरोलीच्या एका वडिलांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

ऐरोलीहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, नऊ वर्षे कथक शिकते आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण झाली आहे, आणि जर्मन कोरिओग्राफर पीना बाउश यांनी नृत्यातून बसवलेल्या ‘ऑर्फियस’ या ऑपेराचे चित्रीकरण पाहिल्यापासून समकालीन नृत्याची कोरिओग्राफर होऊन पुढे ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक, दिग्दर्शित करण्याचा तिने ध्यास घेतला आहे, असे आपण लिहिले आहे. याचे शिक्षण कुठे मिळते आणि यावर पोट भरते का, हे आपले दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण ते मागे ठेवणे आपल्या घरावर अन्याय करणारे ठरेल.

ऑपेराच्या दिग्दर्शनावर भारतात कायमचा पगार मिळेल, असे मी आपल्याला सांगू शकत नाही. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात आणि १९११ साली उद्घाटन झालेल्या व २०१६ मध्ये पुन्हा उघडलेल्या गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये होणारे ऑपेराचे प्रयोग मोजकेच असतात. समकालीन नृत्य करणारी मंडळी बहुधा क्लास, कार्यशाळा, शाळांची गॅदरिंग, नाटके आणि जाहिराती यांवर घर चालवतात आणि स्वतःच्या निर्मितीचा खर्च त्यातूनच काढतात. पहिली आठ-दहा वर्षे उत्पन्नाला नियमितपणा नसेल, असे धरूनच आपण विचार करावा.

आता तिच्या स्वप्नाविषयी. पीना बाउश १९७३ साली जर्मनीतील वुपरटाल शहराच्या नाट्यगृहात बॅले विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी ग्लूक या संगीतकाराचा ‘इफिगेनी’ आणि १९७५ मध्ये ‘ऑर्फियस’ बसवला. ‘ऑर्फियस’मध्ये प्रत्येक प्रमुख पात्र एक नर्तक आणि एक गायक मिळून उभे करतात. ही संधी त्यांना लवकर मिळाली, कारण नृत्य आणि ऑपेरा दोन्ही एकाच नाट्यगृहाच्या छताखाली होते. इतरांची वाट लांबची होती. अमेरिकन कोरिओग्राफर ट्रिशा ब्राउन यांनी स्वतःचा नृत्यसमूह १९७० मध्ये काढला आणि मोंतेवेर्दी या संगीतकाराचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा १९९८ मध्ये ब्रसेल्सला बसवला. जर्मन कोरिओग्राफर साशा वाल्ट्झ यांचा समूह १९९३ चा, तर त्यांनी बसवलेला ‘डायडो अँड इनिअस’ हा ऑपेरा २००५ चा. आधी नृत्यात नाव, मग ऑपेरागृहाचे निमंत्रण, असाच हा क्रम आहे. त्यामुळे तिने आत्ताच ‘ऑपेरा दिग्दर्शन’ नावाचा अभ्यासक्रम शोधत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र एक गोष्ट आत्ताच सुरू व्हायला हवी आणि ती म्हणजे संगीत वाचायला शिकणे. नृत्यरचनेत मात्रांचा हिशेब कोरिओग्राफरच्या हाती असतो. ऑपेरात लय कंडक्टरच्या, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या, हाती असते आणि गायक सहसा माइकशिवाय, पूर्ण ऑर्केस्ट्राच्या वर आवाज चढवून गात असतो. तो प्रेक्षकांकडे पाठ करून फार वेळ गाऊ शकत नाही, कंडक्टर त्याच्या नजरेच्या टप्प्यात असावा लागतो, आणि श्वास कुठे घ्यायचा हे ठरल्याखेरीज पाऊल कुठे टाकायचे हे ठरवता येत नाही. आपल्याकडे १८८० च्या ‘शाकुंतला’पासून संगीत नाटकवाल्यांना हे ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी ठाण्यात एका संगीत नाटकाची तालीम मी पाहत होतो. दिग्दर्शकाने नटाला पद गात दोन पायऱ्या चढायला सांगितले. नट आधी चढला, कठड्यावर हात ठेवून उभा राहिला, ऑर्गनवाल्याने एक आवर्तन भरून काढले आणि मगच त्याने ओळ उचलली. दिग्दर्शक काही न बोलता उठला आणि त्याने पायऱ्या विंगेकडे सरकवून घेतल्या, म्हणजे नट वरूनच गात प्रवेश करू शकेल. आपल्या मुलीला शिकायचे आहे ते हे, गाणाऱ्या शरीराचा असा विचार करणे.

म्हणून या वर्षापासून तिने पियानो किंवा कीबोर्डसोबत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकावी. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळांच्या श्रेणी परीक्षा मुंबईत देता येतात. दुसरी जोड जर्मन भाषेची द्यावी. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात ती शिकवतात आणि ऐरोलीहून ठाणेमार्गे सीएसएमटी हा प्रवास सुट्टीच्या दिवशी जमण्यासारखा आहे. जर्मनीच का, तर तेथे शहरोशहरी सरकारी अनुदानावर चालणारी ऑपेरागृहे आहेत आणि त्यांत सहायक दिग्दर्शकाच्या पगारी जागा असतात. बाउश ज्या एसेनच्या फोल्कवांग संस्थेत शिकल्या, तेथे आजही नृत्याचे शिक्षण दिले जाते.

पदवीसाठी मी पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र सुचवेन, कारण तेथे नृत्य, संगीत आणि नाट्य शेजारी शेजारी शिकवले जाते आणि तिला तिन्हींची गरज आहे. बी.कॉम. हवेच असेल तर ते दूरशिक्षणाने करता येईल. हिशेब कळणारा कोरिओग्राफर आपला समूह अधिक काळ टिकवतो, असे मी पाहिले आहे. कथक मात्र सोडू नये. लंडनचे कोरिओग्राफर अक्रम खान यांची सारी समकालीन रचना कथकच्या तालमीवर उभी आहे.

पुढच्या महिन्यात आपण दोघेही ठाण्यात मला भेटा. येताना तिने एक काम करून आणावे : आवडीचे कोणतेही तीन-चार मिनिटांचे नाट्यपद घ्यावे, गायक कुठे कुठे श्वास घेतो त्या जागा कागदावर खुणा करून लिहाव्यात, आणि एका गाणाऱ्या मैत्रिणीला ते पद गातच हालचाल करता येईल, अशी रचना बसवावी. मैत्रीण जिथे अडखळेल, ती जागा लाल पेनाने दाखवून तो कागद सोबत आणावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक, ठाणे