जुन्या फोटोतला जर्मन लष्करी माणूस ओळखायचा कसा?

तुम्ही विचारलंय की जुन्या बाजारातून घेतलेल्या फोटोत जर्मन गणवेशातला माणूस आहे, हॅटची एक कड वर दुमडलेली, हॅटची फीत पांढरी, खांद्यावर एक तारा. तर हा पूर्व आफ्रिकेतला सेकंड लेफ्टनंट का, आणि नाव सापडेल का.

ताऱ्याचं आधी सांगते. सेकंड लेफ्टनंट नाही. आपल्याकडच्या हिशेबाने एक तारा तसा दिसतो, पण कैसरच्या सैन्यात लेफ्टनंटच्या खांद्यावर ताराच नसे. एक तारा म्हणजे ओबरलॉयटनंट, आपला लेफ्टनंट, दोन म्हणजे हाउप्टमान, आपला कॅप्टन. हे खांद्यावरची पट्टी सपाट असेल तर. वेणीसारखी गुंफलेली असेल तर मेजरपासून पुढचा हुद्दा, आणि तिथे तारे पुन्हा शून्यापासून मोजायचे.

आता फीत. ह्या फितीवरून माझं एका माणसाशी कायमचं बिनसलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

शुट्सट्रुपं म्हणजे जर्मन वसाहतींमधली फौज. त्यांची राखाडी फेल्ट हॅट उजवीकडून दुमडून मोठ्या गोल बिल्ल्याने अडकवलेली असे. फितीचा रंग वसाहतीप्रमाणे: नैऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया, निळी, पूर्व आफ्रिका पांढरी, कामेरून लाल. मग लोक फोटोत फिकट फीत बघतात आणि बेधडक ‘पूर्व आफ्रिका’ लिहून मोकळे होतात.

मी जर्मनीत ब्रेमेनला राहते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर नव्वदीच्या एक आजी होत्या. त्यांच्या वडिलांचा असाच फोटो भाच्याने चौकटीत बसवून खाली छापून घेतलं होतं: ‘लेटो-फोरबेकच्या पूर्व आफ्रिकेतल्या फौजेतले अधिकारी’. लेटो-फोरबेक हा तिथला सेनापती. १९१४ पासून ब्रिटिशांना झुलवत राहिला आणि युद्ध संपल्यावर, २५ नोव्हेंबर १९१८ ला, शस्त्रं खाली ठेवली. मुंबईहून गेलेल्या हिंदी पलटणी नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरात हरल्या त्या त्याच्याचकडून, आणि हे भाच्याने मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. ‘न हरलेला सेनापती’ म्हणून त्याच्या नावाशी आपलं नाव जोडायला कोणालाही आवडतं.

माझ्या आजोबांचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा, कारण फोटोच्या जुन्या काचेला (तेव्हा फिल्मऐवजी काच असे) लाल दिसतच नाही. उलट निळं तिला इतकं दिसतं की आभाळ पांढरं होऊन जातं. माझ्या आजीच्या लग्नाच्या फोटोत तिचं कुंकू काळं आहे आणि निळं लुगडं पांढरंफटक. घरी येणारं प्रत्येक माणूस विचारायचं, नवरीला पांढरं का नेसवलं? मी लहानपणापासून हा प्रश्न ऐकत आले, त्यामुळे पांढऱ्या दिसणाऱ्या फितीवर माझा विश्वास नाही, ती निळीही असू शकते.

तळमजल्यावरच्या आजींना विचारून फोटो चौकटीतून काढला आणि भिंगाखाली धरला. बिल्ल्यात तीन वर्तुळं असतात: बाहेर काळं, मग पांढरं, आत लाल. आतलं लाल काळ्याइतकंच काळं आलं होतं, म्हणजे काच जुन्या पद्धतीचीच. मधलं पांढरं वर्तुळ चुन्यासारखं लख्ख, आणि त्याच्या शेजारची फीत ताकासारखी, एक छटा मळकी. फीत पांढरी असती तर दोन्ही सारखी दिसली असती. खांद्यावर अधिकाऱ्याची चंदेरी पट्टी नव्हती, पीळ घातलेली दोरी होती. म्हणजे ना अधिकारी, ना पूर्व आफ्रिका.

भाचा म्हणाला, भारतातून आलेल्या बाईने आम्हाला आमचे गणवेश शिकवू नयेत.

आजी काही न बोलता आत गेल्या आणि बटणांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. सुटी बटणं, हुक, एक अंगुस्तान, आणि त्यात एक काळपट पदक. ‘नैऋत्य आफ्रिका १९०४–०६’ असं जर्मनमध्ये कोरलेलं. ब्राँझचं, म्हणजे प्रत्यक्ष लढलेल्याला दिलेलं. न लढलेल्यांना पोलादी मिळे. वरच्या पट्टीवर शब्द होता: ओमाहेके.

ओमाहेके म्हणजे ज्या कोरड्या वाळवंटात ऑगस्ट १९०४ नंतर तिथल्या हेरेरो लोकांना बायकापोरांसकट हाकलून पाणवठे अडवले ते. २ ऑक्टोबरला तिथला जर्मन सेनापती फॉन ट्रोथाने त्यांना गोळ्या घालण्याचा हुकूम काढला. जर्मन सरकारने ह्याला अधिकृतपणे वंशसंहार म्हटलं ते २०२१ मध्ये. भाच्याला पूर्व आफ्रिका हवी होती ती ह्यासाठी, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. पदक बाजारातही मिळतं, असं तो म्हणाला. मिळतं, पण घरच्या बटणांच्या डब्यात तळाशी पडलेलं मिळत नाही.

घरच्या माणसाचा फोटो असेल तर सोयीचा मथळा लिहू नका. काय दिसतं ते लिहा.

काही गोष्टी मघाशी राहिल्या. कड डावीकडून दुमडलेली असेल तर फोटो उलटा छापलाय का बघा, नाहीतर माणूस ऑस्ट्रेलियन असायचा. १९००–०१ च्या चीन मोहिमेतल्या जर्मनांच्या गवती हॅटही अशाच दुमडलेल्या असत. साध्या कोटावर पदकं आणि ही हॅट असेल तर तो युद्धानंतरच्या मेळाव्यातला माजी सैनिक समजा. हत्तीचा बिल्ला दिसला तर नक्कीच, कारण तो पहिल्या महायुद्धानंतरचा. आणि माझी ताक-चुन्याची परीक्षा एकटी पुरेशी नाही. पदक नसतं तर मीही इतक्या ठामपणे बोलले नसते.

नावाचं अवघड आहे. प्रशियन, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत मोठ्या जर्मन राज्याच्या, सैन्याची बहुतेक कागदपत्रं एप्रिल १९४५ मध्ये पोट्सडामच्या बॉम्बहल्ल्यात जळाली. माणूस बव्हेरियन असेल तर म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारात आशा आहे. तुमचा माणूस ओबरलॉयटनंट असेल तर अधिकाऱ्यांच्या छापील वार्षिक याद्या चाळता येतील, पण त्यासाठी आधी पलटण कळायला हवी. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचं नाव आणि गाव असतं, बहुतेकदा तेच छावणीचं गाव. पाठ स्कॅन करून टाका, मी बघते.

आजींनी त्या फोटोच्या मागे पेन्सिलीने स्वतः लिहिलं: ‘बाबा, शिपाई, ओमाहेके’. त्या गेल्या, फोटो भाच्याकडे गेला. चौकटीखालचा मथळा त्याने अजून बदललेला नाही.