जांघेतील हर्नियासाठी कोणती भूल योग्य?

सत्तरीतील वडिलांच्या हर्नियासाठी पूर्ण भूल घ्यावी की कमरेतून, असा आपला प्रश्न आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होणार असेल, तर आत वायू भरावा लागत असल्याने बहुधा पूर्ण भूलच देतात. छेद घेऊन हर्नियाच्या जागी आधाराची जाळी बसवायची असेल, तर कमरेतील इंजेक्शन आपल्याकडे सर्रास वापरले जाते. मात्र त्यानंतर काही तास पाय जड राहतात आणि प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांची लघवी अडू शकते, म्हणून, विशेषतः हृदय कमकुवत असल्यास, मला जागेवरची भूल (फक्त तेवढाच भाग बधिर करणारी) अधिक बरी वाटते, अर्थात सर्जनचा हात त्यात बसलेला हवा. तिच्यात रुग्णाला खोकायला सांगून दुरुस्ती टेबलावरच तपासता येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. ती परस्पर बंद करू नका.