आकडा 11,400 वरून 4,200 वर आला. लिहू की थांबू?

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळकरी मुलांना समजतील असे विज्ञानलेख दोन वर्षं ऑनलाइन लिहिते आहे, आतापर्यंत 46 झाले. चार महिन्यांपूर्वी महिन्याला 11,400 वाचनं होती. त्यातली 6,000 'आकाश निळं का दिसतं' या एकाच लेखाची होती. गेल्या महिन्यात एकूण 4,200 वाचनं झाली आणि त्या लेखाला जेमतेम 300 मिळाली. लिहायला बसलं की आधी आकडे उघडते आणि मग हातच चालत नाही. रोज दोन लेख टाकले तर वाचक परत येतील का? की लेखनात करिअर करायचा विचारच सोडून देऊ?

उत्तर : रोज दोन लेख अजिबात टाकू नकोस. विज्ञानाच्या लेखात माहिती पडताळायलाच निम्मा वेळ जातो. वेग वाढवला की पहिला घाव त्या पडताळणीवर बसतो, चुका शिरतात, आणि काही आठवड्यांत दमून लेखन बंद पडतं. शिवाय आकडा का पडला हे माहीत नसताना केलेला उपाय लागू पडला की नाही, तेही कळत नाही.

आता तुझेच आकडे नीट मांडू. 11,400 वरून 4,200 म्हणजे 63 टक्के घट, आणि ही घट पाहून कोणाचाही धीर सुटेल. पण तो एक गाजलेला लेख दोन्हीकडून वजा कर. उरतात 5,400 आणि 3,900, म्हणजे घट 28 टक्के. ही खरी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करायचं नाही. पण उरलेली पडझड म्हणजे एका लेखाला आलेली भरती ओसरली, एवढंच. गाजलेल्या महिन्याला आपला नेहमीचा महिना समजून त्याच्याशी तुलना करत राहणं, ही नव्या लेखकाचं मन मोडणारी सगळ्यात मोठी चूक आहे. मागच्या बारा महिन्यांचे आकडे चढत्या क्रमाने लाव आणि मधल्या दोन आकड्यांची सरासरी काढ. तोच तुझा नेहमीचा महिना.

या 28 टक्क्यांचं कारण गूगल सर्च कन्सोलमध्ये शोध. गूगलच्या शोधनिकालात आपले लेख कसे दिसतात, हे दाखवणारं ते गूगलचं मोफत साधन आहे. तुलना मागच्या महिन्याशी करू नकोस. गेले 28 दिवस आणि वर्षापूर्वीचे तेच 28 दिवस समोरासमोर ठेव. 28 अशासाठी, की त्यात प्रत्येक वार बरोबर चार वेळा येतो. वर्षापूर्वीचे अशासाठी, की तुझे वाचक शाळेतले आहेत, परीक्षेच्या आणि सुट्टीच्या महिन्यांत त्यांची संख्या हलणारच. सर्च कन्सोल फक्त 16 महिन्यांची माहिती ठेवतं, म्हणून दर महिन्याला ती उतरवून आपल्या एक्सेल फाइलमध्ये जपून ठेव.

तिथे चार आकडे दिसतील : क्लिक्स, इम्प्रेशन्स (शोधनिकालात तुझी लिंक किती वेळा दिसली), क्लिकचं प्रमाण (दिसलेल्यांपैकी किती वेळा क्लिक झालं) आणि सरासरी स्थान (शोधनिकालात तुझी लिंक कितव्या क्रमांकावर येते). हे चारही एकत्र वाचायला शिक. स्थान तेच आहे पण इम्प्रेशन्स घटली, तर त्या विषयाचा शोधच कमी झालाय. यात तुझ्या लेखाचा दोष नाही. स्थान घसरलं असेल, तर इतर लेख तुझ्या पुढे गेलेत; वरचे तीन उघडून ते काय देतात जे तू देत नाहीस, ते लिहून काढ. स्थान आणि इम्प्रेशन्स जागेवर असून फक्त क्लिक्स पडले असतील, तर बहुधा वाचकाला उत्तर शोधपानावरच मिळतंय. गूगलने मे 2024 मध्ये अमेरिकेत आणि त्यानंतर इतर देशांत शोधनिकालाच्या वर एआयने लिहिलेला सारांश दाखवायला सुरुवात केली. 'अमुक म्हणजे काय' अशा एका वाक्यात उत्तर मावणाऱ्या लेखांना त्याची झळ जास्त बसते. अशा विषयांऐवजी घरी करता येणारा प्रयोग, मोजमाप, मुलं नेमकी कुठे चुकतात, यावर लिही. ते सारांशात मावत नाही.

आकडा हळूहळू न घटता एका रात्रीत शून्याजवळ गेला असेल, तर मात्र बिघाड तांत्रिक समज. पानाची थीम बदलताना वाचनं मोजणारा कोड निघून गेला असेल किंवा 'नोइंडेक्स'ची (हे पान शोधनिकालात दाखवू नका, असं गूगलला सांगणारी) खूण चुकून राहून गेली असेल.

सोशल मीडियावरून येणारे वाचक वेगळे मोज. तिथे नियम त्या कंपनीचे असतात. फेसबुकने जानेवारी 2018 मध्ये मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना जास्त जागा द्यायचं जाहीर केलं, तेव्हा लेखकांच्या फेसबुक पानांवरच्या पोस्ट मागे पडल्या. त्या लेखकांचं लेखन काही एका आठवड्यात बिघडलं नव्हतं. म्हणून ईमेलने लेख मागवणाऱ्या वाचकांची यादी आजपासून बांध आणि तिची प्रत स्वतःकडे ठेव. त्यातही 'किती जणांनी मेल उघडला' यावर विसंबू नकोस. ॲपलच्या 2021 पासूनच्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. उत्तरं किती आली आणि लिंकवर किती जण गेले, ते बघ.

यानंतर पाच जुने लेख निवड, ज्यांची इम्प्रेशन्स अजून भरपूर आहेत पण क्लिक्स कमी. पहिल्या 60-70 शब्दांत मूळ प्रश्नाचं सरळ उत्तर आण, शीर्षकात मुलं जे शब्द शोधतात तेच ठेव, तुटलेल्या लिंक आणि जुनी माहिती बदल. नुसती तारीख नवी करून काही होत नाही. एका वेळी एकाच लेखाला हात लाव, काय बदललं ते तारखेसह लिहून ठेव आणि सहा आठवडे थांब.

आता हात चालत नाही त्याबद्दल. तू लिहिण्याआधी आकडे उघडतेस, म्हणजे मेंदूला रोज आधी निकाल दाखवतेस आणि मग अभ्यासाला बसवतेस. हा क्रम मोड. आकडे आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, वीस मिनिटं बघायचे. लेख टाकल्यावर पहिले दोन दिवस तर नाहीच. सर्च कन्सोलचे ताजे आकडे तसेही कच्चे असतात. फोनवरचं आकड्यांचं ॲप आणि सूचना काढून टाक. एका वहीत फक्त तुझ्या हातातल्या गोष्टी नोंद : आठवड्यातून चार दिवस, 45 मिनिटं लेखन, महिन्याला तीन लेख, एका वाचकाला सविस्तर उत्तर. रोज लिहून उठताना पुढचं वाक्य अर्धवट सोड, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही. तीन तयार मसुदे कायम शिलकीत असू देत. परीक्षेच्या काळात तेच उपयोगी पडतील. वाचकांच्या चांगल्या पत्रांचा एक फोल्डर कर. 'माझ्या मुलीला आज अपवर्तन कळलं' असं एक पत्र वाचलंस, की समोर कोण बसलंय हे पुन्हा दिसतं. खूप थकलीस तर दोन आठवडे सुट्टी घे, पण परत यायची तारीख आधीच ठरव. तारीख नसलेली सुट्टी लांबतच जाते.

करिअरचं स्पष्टच सांगतो. 4,200 वाचनांच्या जाहिरातींवर पोट भरत नाही, 11,400 वरही भरलं नसतं. म्हणून पदवी पूर्ण कर. पण शालेय आशयनिर्मिती, विज्ञान संपादन, तांत्रिक लेखन या कामांसाठी निवड करणारा तुझी वाचनसंख्या क्वचितच विचारतो. तो नमुने मागतो. अवघड गोष्ट सोपी करताना ती चुकीची तर झाली नाही ना, हे तो बघतो. 46 पैकी पाच लेख निवड. प्रत्येकाखाली तीन ओळी लिही : लेख कोणासाठी होता, माहिती कशी पडताळली, नंतर काय दुरुस्त केलं. ही तिसरी ओळ लपवू नकोस, संपादक तीच आधी वाचतात. आकडे कोणी विचारलेच तर खरे सांग, तो गाजलेला लेख वगळून.

थांबायचं की नाही हे आज ठरवू नकोस, सहा महिन्यांनंतरची एक तारीख वहीत लिहून ठेव. तोवर पाच लेख निवडून, त्यांच्या तीन-तीन ओळींसह आणि 28 दिवसांच्या तुलनेसह मला पुन्हा पत्र लिही. कोणत्या कामासाठी अर्ज करायचा, ते त्यावरून ठरवू.