इंजिन बदलले, नोंद राहिली

कोथरूडच्या एका निवृत्त अभियंत्यांचे पत्र माझ्यासमोर आहे. त्यांच्या वडिलांनी घेतलेली १९६७ सालची एमजीबी ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार त्यांनी २०२२ मध्ये ऐतिहासिक रॅलीसाठी तयार करून घेतली. रोल केज (अपघातात आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा), बकेट सीट, रॅलीचे सीट बेल्ट, इंजिनाखाली संरक्षक पत्रा आणि बॅटरीचा कट-ऑफ स्विच बसवला, आणि झिजलेले इंजिन काढून दुसरे घातले. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी गाडी विक्रीस काढली व कोल्हापूरच्या एका गृहस्थांना १४ लाख रुपयांना दिली. ९ लाख घेतले, ताबा दिला, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून तेही खरेदीदाराच्या हाती ठेवले. गाडी अद्याप नावावर झालेली नाही, ५ लाख अडकले आहेत, आणि वसुलीचा दावा पुण्यात लावावा की कोल्हापुरात, असा त्यांचा प्रश्न आहे.

गाडी विकली पण नावावर झाली नाही, अशी पत्रे मला दर महिन्याला येतात. बहुतेकांत गाडी म्हणजे एखादी स्कूटर किंवा जुनी मारुती असते, आणि सही केलेले फॉर्म एजंटाच्या खणात पडलेले असतात. त्या सर्व पत्रांना जे उत्तर द्यावे लागते त्याची उजळणी मी येथे करत नाही. आपल्या पत्रात त्याहून वेगळी अशी एकच गोष्ट आहे, बदललेल्या इंजिनाची, ती आपण शेवटून दुसऱ्या ओळीत जाता जाता लिहिली आहे, आणि सगळे प्रकरण तिच्यावरच ठरणार आहे.

आपण पाठवलेल्या करारनाम्याच्या चौथ्या परिच्छेदात असे लिहिले आहे की, उरलेली रक्कम वाहन खरेदीदाराच्या नावावर झाल्यापासून सात दिवसांत दिली जाईल. म्हणजे ५ लाख मागण्याचा आपला हक्क नाव बदलल्यानंतर सुरू होतो. नाव का बदलले नाही, तर आरटीओच्या तपासणीच्या वेळी निरीक्षकांना आरसीवरचा इंजिन क्रमांक आणि गाडीतल्या इंजिनाचा क्रमांक जुळत नसल्याचे दिसले व अर्ज परत आला. आरसी पुस्तकात १८जीबी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक आहे. गाडीत बसवलेले इंजिन त्यानंतरच्या पिढीचे, १८व्ही मालिकेतले आहे. ही तफावत आपल्या हातून झालेली आहे, खरेदीदाराच्या नव्हे. आज दावा लावलात तर प्रतिवादीची कैफियत एका परिच्छेदाची असेल: वादीने स्वतःच नोंद अडवून ठेवली आहे आणि तोच आता पैसे मागतो आहे. त्यावर आपल्याकडे आज तरी उत्तर नाही.

ज्या तरतुदीवर मी बोट ठेवतो आहे ती मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे पोटकलम (३) ही होय. नोंदणी प्राधिकरणाच्या मान्यतेविना वाहनात बदल झाला असेल, किंवा मान्यतेविना इंजिन बदलले गेले असेल, तर मालकाने बदल झाल्यापासून १४ दिवसांच्या आत तो आपल्या क्षेत्रातील प्राधिकरणाला कळवावा आणि नोंदणी प्रमाणपत्र शुल्कासह पाठवावे, म्हणजे नवा तपशील त्यात चढवता येईल, असे ते पोटकलम सांगते. मुळात इंजिन बदलण्याआधीच परवानगी घ्यायला हवी होती; ती घेतली नाही, तर निदान १४ दिवसांत कळवायला हवे होते. आपण दोन्ही केले नाही. रोल केजच्या नळ्या कुठून मागवल्या, सीट कोणी शिवून दिल्या, याचा हिशेब आपण पत्रात तीन पाने लिहिला आहे, इतक्या काळजीने गाडी उभी केली आहे. मग संगम पुलाजवळच्या आरटीओ कार्यालयात एक अर्ज देण्याचे काम तीन वर्षांहून अधिक काळ का राहून गेले, हे मला खरोखर समजत नाही.

"इंजिन त्याच कंपनीचे, त्याच १७९८ सीसीचे आहे, कळवायची गरज नाही," असे मेकॅनिकने सांगितल्याचे आपण लिहिता. या वाक्याचा पहिला भाग आपल्या उपयोगाचा आहे, दुसरा चुकीचा आहे. उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र यांच्या प्रकरणात स्पष्टपणे घेतली. एखाद्या जपानी मोटारीचे जास्त ताकदीचे इंजिन आपण घातले असते, तर मी ते काढून टाकण्याचाच सल्ला दिला असता. बनावट तीच, इंधन तेच आणि क्षमता तीच असल्यामुळे मात्र उशिरा का होईना, नोंद मिळण्याची शक्यता मला बरी वाटते. खात्री देता येत नाही, कारण मान्यता देणे प्राधिकरणाच्या हाती आहे. दंडाची तयारी ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ (४) प्रमाणे अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपण होऊन नोंदीसाठी आलेल्या मालकाबाबत गोष्ट दंडापलीकडे जाऊ नये, असे माझे मत आहे. पण ते मतच आहे.

आता त्या छायाचित्राविषयी, जे पाहून मी हातातली इतर कामे बाजूला ठेवली. एमजीबीच्या इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या उजव्या अंगाला रिव्हेटने ठोकलेल्या एका लहानशा धातूच्या पट्टीवर असतो. जुन्या ब्लॉकवरून निघालेली ती पट्टी आपण वर्तमानपत्रावर ठेवून तिचा फोटो पाठवला आहे. दोन्ही टोकांची भोके रिव्हेट उपसताना फाटलेली दिसतात, क्रमांक मात्र स्वच्छ वाचता येतो. ही पट्टी नव्या ब्लॉकवर ठोकून द्यावी, म्हणजे क्रमांक जुळेल आणि प्रश्न मिटेल, अशी सूचना मेकॅनिकने केली आहे व "यात काही गैर आहे का" असे आपण विचारता. होय, गैर आहे, आणि पूर्णपणे गैर आहे. आजवर आपल्याकडून प्राधिकरणाला बदल कळवायचा तेवढा राहून गेला आहे. ती पट्टी ठोकल्याच्या क्षणी आपण सरकारी नोंदीला फसवण्यासाठी वाहनाची ओळख बदललेली असेल, आणि तेथून पुढे फौजदारी प्रकरण सुरू होते. निरीक्षकांनी १८व्ही क्रमांक एकदा पाहून लिहून घेतला आहे, हेही ध्यानात असू द्यावे. ती पट्टी एका पाकिटात घालून, तारीख टाकून, जपून ठेवावी. जुने इंजिन खरोखर याच गाडीचे होते याचा तो आपला सर्वांत चांगला पुरावा आहे.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असल्याने तिला व्हिंटेजची सवलत मिळेल, हा आपला आणखी एक भरवसा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली हे खरे आहे. पण तिच्यासाठी वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते, आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरबदल झालेला असेल तर ते त्या व्याख्येत बसत नाही. आपली गाडी रॅलीसाठी तयार करताना नेमके हेच झाले. रोल केज वेल्डिंग न करता बोल्टने बसवला असेल तर तेवढ्यापुरता युक्तिवाद करता येईल, इंजिनाबाबत करता येणार नाही. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा (एफआयए) ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट काढला की सगळे सुरळीत होईल, असे खरेदीदार म्हणतात. गाडी स्पर्धेच्या कोणत्या कालखंडात बसते आणि तिची तांत्रिक घडण कशी आहे, एवढेच तो पासपोर्ट दाखवतो. मालकीशी आणि आरटीओच्या नोंदीशी त्याचा संबंध नाही.

आपण ५ लाखांची चिंता करत आहात, मला मात्र दुसऱ्याच गोष्टीची चिंता आहे. खरेदीदार ही गाडी रस्त्यावर चालवतात, मागच्या महिन्यात आंबोलीपर्यंत जाऊन आले, असे आपणच लिहिले आहे. वस्तु विक्री अधिनियमाप्रमाणे गाडी कदाचित त्यांची झाली असेल, पण मोटार वाहन कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचे नाव नोंदीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हे निःसंदिग्ध सांगितले: गाडी विकली, ताबा दिला, तरी नोंदीत नाव असेपर्यंत अपघाताच्या भरपाईसाठी तीच व्यक्ती जबाबदार. कलम ५० प्रमाणे विक्री १४ दिवसांत कळवण्याचे कर्तव्यही आपलेच होते. सही केलेला फॉर्म २९ खरेदीदाराच्या हातात देणे म्हणजे कळवणे नव्हे. माझ्या एका अशिलाने जीप विकल्यानंतर सात महिन्यांनी झालेल्या अपघाताचे प्रकरण नऊ वर्षे चालले. कोण जखमी झाले, हेही त्यांना समन्स हाती पडेपर्यंत ठाऊक नव्हते. त्या नऊ वर्षांत त्यांनी माझ्यासमोर बसून किती वेळा "पण मी तर गाडी विकली होती" असे म्हटले असेल, ते मी विसरू शकत नाही.

विमा आहे, असे आपण म्हणाल. पॉलिसीच्या वापराच्या मर्यादा वाचाव्यात. संघटित शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (वाहनाच्या भरवशाची चाचणी) यांसाठी केलेला वापर तिच्यातून वगळलेला असतो. ठरवून दिलेला सरासरी वेग राखत टप्पे पूर्ण करायच्या ऐतिहासिक रॅलीला विमा कंपनी त्या शेवटच्या शब्दांत बसवू पाहील, आणि त्यावर वाद करता येईल, पण तो वाद करायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातच जावे लागेल. शिवाय पॉलिसी पुढील महिन्यात संपते आहे. ती कोणी भरायची यावर खरेदीदाराशी घासाघीस करू नये. स्वतः भरावी आणि खर्च हिशेबात धरावा.

म्हणून दावा सध्या बाजूला ठेवावा आणि इंजिनाची नोंद हाती घ्यावी. नोंदीत मालक आपण असल्याने अर्ज आपणच करायचा आहे. त्यात इंजिन कधी, कोणाकडे, का बदलले आणि कळवण्यास उशीर का झाला हे सरळ लिहावे. मेकॅनिकवर ढकलू नये. इंजिनाचे पक्के बिल नाही, रोखीने घेतले, असे आपण लिहिले आहे. ज्यांच्याकडून घेतले त्यांना गाठून आजच्या तारखेचे लेखी निवेदन घ्यावे, मागील तारखेचे बिल मुळीच नको. आपले प्रतिज्ञापत्र जोडावे, आणि इंजिन क्रमांक चोरीच्या नोंदीत नसल्याची पोलीस पडताळणी मागितली जाऊ शकते, ती आधीच मिळवावी. तपासणीसाठी गाडी पुण्याला आणावी लागेल. ती ट्रेलरवरून आणावी.

खरेदीदारांशी पूरक करारनामा करावा लागेल. नोंद होईपर्यंत गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढायची नाही, कोणत्याही रॅलीत उतरवायची नाही, आणि दरम्यान काही झाल्यास भरपाई त्यांनी द्यायची, असे त्यात असावे. अशी हमी अपघातग्रस्तावर बंधनकारक नसते. त्याची भरपाई आपल्याला भरावी लागली तर ती पुढे खरेदीदाराकडून मागण्याचा आधार तेवढा आपल्याला मिळतो. ते सही करणार नाहीत, अशी शंका आपण व्यक्त केली आहे. मला वाटते करतील, कारण ९ लाख देऊनही ज्या गाडीचे पासिंग होत नाही ती त्यांनाही अडचणीचीच आहे. आपली नोंदणी येत्या डिसेंबरात नूतनीकरणास येते, आणि तेव्हा गाडी पुन्हा निरीक्षकांसमोर उभी राहील. इंजिनाचा अर्ज त्याआधी निकाली निघाला नाही, तर दोन्ही कामे एकमेकांत अडकतील.

राहिला आपला मूळ प्रश्न. करार पुण्यात झाला असल्यास आणि त्यात एकाच ठिकाणच्या न्यायालयाचे बंधन नसल्यास पुण्यात दावा चालू शकेल. मुदत तीन वर्षांची. ती कोणत्या दिवसापासून मोजायची यावर मतभेद होऊ शकतात, म्हणून ताबा दिल्याच्या तारखेपासूनच धरून चालावे. दिवाणी दाव्यात साक्षीपुरावा सुरू व्हायलाच काही वर्षे जातात, तेवढा काळ ही गाडी आपल्या नावावर आणि दुसऱ्याच्या हातात राहणे परवडणारे नाही. फसवणुकीची पोलीस तक्रार करण्याचा विचार सोडून द्यावा. ज्या व्यवहारात उणीव आपली आहे, त्यात ती टिकणार नाही.

इंजिनाच्या अर्जाची पोच मिळाली की तिची प्रत खरेदीदारांना नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि सोबत दोन ओळी लिहाव्यात की, विक्रेत्याच्या बाजूचे काम सुरू झाले आहे व तपासणीसाठी गाडी अमुक दिवशी हजर करावी. त्यांनी ती आणली नाही, तर चौथ्या परिच्छेदातली अट त्यांच्यामुळे अडली असे प्रथमच म्हणता येईल, आणि त्या दिवशी दाव्याचा मसुदा घेऊन यावे.