घराच्या ताटासाठी एक एकर

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली की खान्देशात वर्षभराचे गडी म्हणजे सालदार ठरतात, वाट्याने शेती कसण्याची म्हणजे बटाईची बोलणी होतात आणि कोणत्या तुकड्यात काय पेरायचे याची चर्चा ओट्याओट्यावर सुरू होते. या वेळच्या टपालात शेत आणि ताट यांचा एकत्र विचार करणारी पत्रे बरीच आली, त्यांतील काही निवडून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : चोपडा तालुक्यात आमची सहा एकर शेती आहे. चार एकर कपाशी आणि दोन एकर केळी. शेतकरी असूनही ज्वारी, डाळी, तेल आणि भाजीपाला आम्ही बाजारातूनच आणतो. घरात चार मोठी माणसे व दोन मुले आहेत. निदान घरखाण्याचे धान्य आपल्या शेतातले असावे असे मला आणि पत्नीला वाटते, पण एक एकर कपाशी कमी केली तर नुकसान होईल असे वडील म्हणतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : वडिलांच्या काळजीला आधार आहे, त्यामुळे त्यांना भावनेने नव्हे, हिशेबाने पटवावे. आपल्या घरात एक वेळ भाकरी आणि एक वेळ पोळी होते असे धरले, तर सहा माणसांना दिवसाला सुमारे किलोभर ज्वारीचे पीठ लागते, म्हणजे वर्षाला साडेतीन ते चार क्विंटल ज्वारी. डाळींसाठी मूग, उडीद आणि तूर मिळून सव्वा ते दीड क्विंटल अख्खे कडधान्य पुरते. ही सगळी गरज एका एकराच्या आसपास भागू शकते, कारण तो एकर वर्षातून दोनदा पिकतो आणि हा मार्ग तापीकाठच्या काळ्या जमिनीत आपल्या आजोबा-पणजोबांनी वापरलेला आहे. पहिल्या चांगल्या पावसानंतर अर्ध्या एकरात मूग आणि अर्ध्या एकरात उडीद पेरावा. मूग साठ-सत्तर दिवसांत आणि उडीद त्यानंतर आठवडाभरात निघतो. मग सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, वाफसा पाहून, त्याच जागी दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी पेरावी. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते आणि कोरड्या, स्वच्छ उन्हात पिकते, म्हणून तिचा दाणा पांढरा, टपोरा आणि टिकाऊ निघतो. खरिपाच्या ज्वारीला दाणे भरताना पाऊस लागला तर ती काळी पडते, तो धोका दादरला फार कमी असतो. जमीन भारी असेल आणि ओल चांगली असेल तर एकरी चार ते सहा क्विंटलांची अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही. तुरीसाठी वेगळा तुकडा लागत नाही, कपाशीत ठरावीक अंतरावर तुरीचे तास घेता येतात.

आता वडिलांचा मुद्दा. कपाशीच्या एका एकराचे उत्पन्न मांडताना बियाणे, खते, फवारण्या आणि वेचणीची मजुरी वजा करावी, आणि त्या शिल्लक रकमेशेजारी किराणा दुकानात वर्षभर ज्वारीवर व डाळींवर होणारा खर्च लिहावा. त्यात दादरच्या कडब्याची किंमत मिळवण्यास विसरू नये. गोठ्यात एखादी गाय किंवा म्हैस असेल तर तिचा कोरडा चारा घरातच होतो, आणि चारा घरचा असला की दूध, दही, ताक आणि तूप ओघाने येते. दुधाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, दूध घरच्या जनावराचे असले तरी उकळूनच प्यावे, कारण कच्च्या दुधातून क्षयासारखे आणि ब्रुसेलोसिससारखे रोग माणसाला होतात. शिवाय मूग-उडदाच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतर आपल्या भागात कपाशीनंतर कपाशी घेण्याची सवय फार वाढली आणि आता गुलाबी बोंडअळी तिचा ताळेबंद दरवर्षी बिघडवते. इतके मांडूनही कपाशीचाच आकडा एखाद्या वर्षी मोठा निघेल. तरीसुद्धा एक एकर घरासाठी राखावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कपाशीचा भाव आपल्या हाती नसतो आणि कणगीत भरलेली दादर मात्र भाव पडला म्हणून कमी होत नाही.

दोन अडचणी आधीच सांगतो. पहिली पाखरांची. चहूकडे कपाशी आणि केळी असताना मध्ये एकट्याची एकरभर दादर उभी राहिली, तर शिवारातली सगळी पाखरे तिच्यावरच उतरतात. लहान तुकड्यातली ज्वारी सोडून देण्याचे हे मोठे कारण आहे आणि त्यावर गोफण-माळ्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे शेजारच्या दोन-तीन बांधकऱ्यांनी मिळून लागून-लागून दादर पेरणे. राखणही वाटून घेता येते आणि नुकसानही विभागले जाते. दुसरी अडचण भाजीपाल्याची. केळीच्या बागेत किंवा तिच्या कडेला काकडी, भोपळा, दोडका, मिरची, टोमॅटो, वांगी आणि चवळी लावू नयेत, कारण मावा या पिकांवरून केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणू नेतो आणि जळगाव जिल्ह्यातील केळीचे त्याने फार नुकसान केलेले आहे. कपाशीच्या तासांत भेंडी व अंबाडी टोचण्याची पद्धतही सोडावी, कारण कपाशीवरची प्रत्येक फवारणी त्या भाजीवर पडते. भाजीसाठी घराजवळ, सांडपाण्यावर भिजेल असा वेगळा परसबागेचा तुकडा ठेवावा. पहिल्या वर्षी एवढेच करावे. गहू, करडई, भुईमूग, सगळे एकदम मनात आणू नये.

प्रश्न : मी मूळची अमळनेर तालुक्यातील, सध्या पुण्यात राहते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना चिरते. पिठाचे प्रमाण काय ठेवावे? ही भाकरी नुसत्या ज्वारीपेक्षा खरोखर पौष्टिक असते का?

उत्तर : प्रमाण घरागणिक बदलते. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद आणि मीठ एकत्र दळावे, हे सर्वसाधारण माप आहे. काही घरांत उडीद याहून जास्त घालतात. पौष्टिकतेबद्दल आपला अंदाज बरोबर आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि उडदात ते भरपूर असते. उलट उडदात मेथिओनिन कमी असते, ते ज्वारीतून काही अंशी भरून निघते. त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ल्यावर शरीराला मिळणारी प्रथिने अधिक पूर्ण होतात, आणि उडदाच्या सालामुळे चोथाही वाढतो. कळण्याच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा, कच्चे शेंगदाणा तेल आणि शेजारी कांदा असला की जेवणात मोठी उणीव राहत नाही. हिवाळ्यात भरीत असेल तर विचारायलाच नको.

भाकरी चिरण्याचे कारण बहुधा पिठाचे वय हे आहे. ज्वारीत कणकेला चिकटपणा देणारे ग्लुटेन नसते आणि पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. शहरात महिन्याचे पीठ एकदम दळून आणतात, तेथेच घात होतो. आठ-दहा दिवसांपुरतेच दळावे, कढत पाण्यात भिजवावे, एका वेळी एकाच भाकरीचा गोळा चांगला मळावा आणि लगेच थापावा.

प्रश्न : साखर बंद करून गूळ सुरू केला आहे. वडिलांना मधुमेह आहे, त्यांना गुळाचा चहा चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. गुळात थोडी खनिजे असतात, पण त्याचा मोठा भाग साखरच असतो आणि रक्तातील साखर तो वाढवतोच. घरातील इतरांसाठी गूळ घेताना पिवळाधमक गूळ टाळून तपकिरी घ्यावा, कारण रंग उजळवण्यासाठी रसायन वापरण्याची पद्धत आहे.

प्रश्न : धुळ्यात आता लाकडी घाण्याचे तेल ठिकठिकाणी मिळते. ते घ्यावे का, आणि खरे कसे ओळखावे?

उत्तर : घ्यावे, पण भाव पाहून घ्यावे. शेंगदाण्यात साधारणपणे निम्म्याच्या आसपास तेल असते आणि घाणा ते सगळे काढू शकत नाही, काही तेल पेंडीत राहते. म्हणून एका लीटर तेलाला अडीच ते तीन किलो दाणे लागतात. चांगल्या दाण्याचा बाजारभाव घेऊन हा गुणाकार करावा, त्यातून पेंडीची किंमत थोडी वजा करावी आणि विकणारा त्याहून बराच स्वस्त तेल देत असेल तर त्याला कारण विचारावे. सर्वांत उत्तम म्हणजे आपले दाणे नेऊन समोर तेल काढून घेणे. जातानाच दाणे निवडून न्यावेत. सुरकुतलेले, काळपट, बुरशी लागलेले आणि कडू दाणे कठोरपणे बाजूला काढावेत, कारण बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि घाण्याच्या तेलावर शुद्धीकरण होत नसल्यामुळे ते तेलात येऊ शकते. काढलेले तेल दोन-तीन दिवस स्थिर ठेवून वरचे निवळ ओतून घ्यावे आणि महिना-दोन महिन्यांत संपेल इतकेच काढावे. तेल घाण्याचे आहे म्हणून शेवभाजीवर बोटभर तर्री आणण्याची मोकळीक मात्र मिळत नाही.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील सून आहे. घरात सर्वांना चुलीवरची भाकरी, घरोटावर म्हणजे जात्यावर भरडलेली डाळ, घरचे बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडया हव्या असतात. माझा दिवस पहाटे पाचला सुरू होतो आणि दुपारी मी निंदणीलाही जाते. सकस खाण्याचे सगळे कौतुक माझ्याच हाडांवर उभे आहे असे वाटते. असे वाटणे चूक आहे का?

उत्तर : अजिबात चूक नाही. ताई, आपल्या पत्राचे उत्तर खरे तर आपल्या घरातील सर्वांनी वाचावे.

अन्नाचा कस धान्यात असतो, ते दळणाऱ्या बाईच्या दमण्यात नसतो. दादर विजेच्या चक्कीवर दळली तरी तिचे प्रथिन आणि लोह तेवढेच राहते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल आज अनेक गावांत आहे; तेथे घरची तूर नेऊन डाळ करून आणावी आणि ते काम घरातील पुरुषांनी करावे. चुलीच्या भाकरीची चव मलाही आवडते, पण रोजच्या धुराने स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीची फुप्फुसे आणि डोळे खराब होतात, आणि तो धूर ताटावर बसणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही. रोजची भाकरी गॅसवर, लोखंडी तव्यावर करावी. खापरावरचे मांडे सणाला होतात, तेव्हा चूल पेटावी आणि तिच्यापुढे आळीपाळीने बसावे. बिबडे हे तर एकटीचे कामच नाही. ज्वारी भिजवून, आंबवून, कांडून, शिजवून, फाल्गुन-चैत्राच्या उन्हात थापायचा हा उद्योग गल्लीतल्या चार घरांनी मिळून करायचा असतो. तशी जुळवाजुळव होत नसेल तर त्या वर्षी बिबडे झाले नाहीत म्हणून कोणी उपाशी राहत नाही.

साधे जेवण खरोखर साधे असू द्यावे. भाकरी, उडदाची घोटलेली डाळ, कच्चा कांदा आणि ठेचा एवढ्यावर एक वेळ पूर्ण भागते. तिसरी आणि चौथी भाजी हवी असलेल्याने ती निवडून, चिरून द्यावी. आणखी एक गोष्ट आपण लिहिली नाही, पण मी विचारतो : आपण कितव्या पंगतीला जेवता? 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. घरात दूध, पालेभाजी आणि डाळ असताना शेवटी जेवणारीच्या वाट्याला उरलेली भाकरी आणि रस्सा येत असेल, तर त्या घराने घरखाण्याचे शेत राखूनही ते अन्न घरातील सर्वांपर्यंत पोहोचलेले नाही. सर्वांनी एकत्र बसावे. हा बदल करण्यास पैसा लागत नाही, आणि तो सुचवण्याचे काम आपल्यावर न टाकता आपल्या पतीने करावे.

प्रश्न : रावेर तालुक्यातून लिहीत आहे. नवी ज्वारी आणि मूग कोठीत भरायचे आहेत. कीड लागू नये म्हणून गोळ्या टाकाव्यात का?

उत्तर : राहत्या घरात कदापि टाकू नयेत. या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडतात, तो बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. कायद्यानेही त्यांचा वापर प्रशिक्षित, मान्यताप्राप्त माणसांपुरताच मर्यादित आहे. घरात आधीच आणल्या असतील तर डबा उघडू नये, मुलांच्या हाती लागणार नाही असा घराबाहेर, कोरड्या जागी, कुलपात ठेवावा आणि कृषी अधिकाऱ्यांना विचारून त्याची विल्हेवाट लावावी.

धान्य टिकते ते वाळवण्याने. ज्वारी दोन-तीन कडक उन्हे खाऊ द्यावी. दाणा दाताखाली कट्ट वाजून फुटला पाहिजे. उन्हातून उचलून गरम धान्य लगेच भरू नये, ते कोठीत घाम धरते. रात्रभर सावलीत निवू द्यावे आणि मग भरावे. पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घालावा. मुगाला आणि उडदाला किलोला लहान चमचाभर खाद्यतेल चोळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पावसाळ्यात ढग असताना कोठी उघडणे टाळावे आणि पोळ्यानंतर चांगली उघडीप मिळाली की सगळे बाहेर काढून एक ऊन दाखवावे.