'अविभाज्य' हक्क की 'अहस्तांतरणीय'?

अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'अनएलिअनेबल राइट्स' असा शब्दप्रयोग आहे. त्याला मराठीत 'अविभाज्य हक्क' म्हणणं बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे.

माझ्या मते नाही. अविभाज्य म्हणजे ज्याचे भाग पडत नाहीत ते. इथे वाटणीचा प्रश्नच नाही. 'एलिएनेट' हा मालमत्तेच्या कायद्यातला शब्द आहे : आपल्या मालकीची वस्तू विकून किंवा दान देऊन दुसऱ्याच्या नावावर करणं. सातबारावर 'भोगवटादार वर्ग 2' असा शेरा असेल तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, हे आपल्याकडे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. जाहीरनाम्यातल्या हक्कांच्या बाबतीत तर अशी परवानगी देणारा कुणी अधिकारीच नाही. म्हणून 'अहस्तांतरणीय'. 'अहरणीय' हाही पर्याय सुचवला जातो, पण त्यातून दुसऱ्यानं हिरावून घेऊ नये एवढंच कळतं. खुद्द धन्यालाही ते देऊन टाकता येत नाहीत, हा मुद्दा निसटतो.

आणि तोच मुद्दा मोलाचा आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकनं म्हटलं होतं की माणसाचा स्वतःच्या जिवावर मनमानी अधिकार नसतो, त्यामुळे राजीखुशीनं करार करूनही तो कुणाचा गुलाम होऊ शकत नाही. (हाच लॉक गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा भागधारक होता.)

जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसननं हक्कांना 'इन्हेरंट' आणि 'इनएलिअनेबल' अशी दोन विशेषणं लावली होती. त्यातल्या 'इन्हेरंट'साठी आपल्याकडे टिळकांमुळे घरोघरी पोचलेला 'जन्मसिद्ध' तयारच आहे. ते विशेषण अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेनं, म्हणजे तिथल्या काँग्रेसनं, गाळलं. त्याच मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजावर कडक ठपका होता. माणसांची खरेदी-विक्री होते हे सांगताना जेफरसननं 'माणसं' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला होता. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या आग्रहामुळे तो परिच्छेद उडाला, असं त्यानं स्वतः नोंदवलं आहे.

पण जेफरसनची स्वतःची मालकी आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम माणसांवर होती. सासऱ्याच्या इस्टेटीतून 1774 मध्ये त्याच्याकडे 135 माणसं आली, म्हणजे वारसाहक्कानं झालेलं हस्तांतरणच. 4 जुलै 1826 ला तो वारला. मृत्युपत्रानं पाच जणांना मुक्त केलं, त्यात लोहार जो फॉसेट होता. त्याची बायको ईडिथ मात्र त्यात नव्हती. तिनं जेफरसन अमेरिकेचा अध्यक्ष असताना त्याच्या मुदपाकखान्यात काम केलं होतं. कर्ज फेडण्यासाठी जानेवारी 1827 मध्ये त्याच्या मॉन्टिसेलो या मळ्यावर लिलाव झाला, त्यात ईडिथ आणि मुलं विकली गेली. ज्याच्या लेखणीतून हक्क विकता येत नाहीत असं उतरलं, त्याच्या अंगणात माणसांवर बोली लागली. हा विरोध 'अविभाज्य' म्हटलं की दिसतच नाही. 'अहस्तांतरणीय' म्हटलं की लगेच डोळ्यांत खुपतो.

शब्द लांबलचक आहे, मान्य. शाळकरी मुलांसाठी लिहायचं असेल तर मी सरळ 'विकता किंवा देऊन टाकता न येणारे हक्क' असं लिहीन. 'अविभाज्य' हा शब्द 'अविभाज्य भाग', 'अविभाज्य घटक' अशा ठिकाणी शोभतो, तिथे तो खुशाल वापरावा.